तळघरातलं पाणी थंडीतच पकडा

आमच्या तळघराचं सगळ्यात मोठं नुकसान जुलैत नाही, डिसेंबरात झालं. आभाळ निरभ्र, कपाटातली शाल नुकती बाहेर आलेली, आणि पहाटे पाचला रात्रपाळीचे वॉचमनमामा दार वाजवतायत. "काका, खाली या. स्कूटर पाण्यात आहेत."

पायऱ्यांवरून वाकून पाहिलं. उताराच्या टोकाला घोट्याच्या वर पाणी, दोन्ही लिफ्टचे खड्डे भरलेले, आणि ज्या कोपऱ्यात मंडळाचं गणपतीच्या सजावटीचं सामान ठेवतो तिथे कापडाचे तागे तरंगत होते. चौदा दुचाक्या उभ्या होत्या. शेवटचा पाऊस पडून दोन महिने झाले होते.

झालं होतं असं. जमिनीखालच्या टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी झडप, अडकला. आमच्याकडे पालिकेचं पाणी रात्री अडीचला येतं. ते आलं, टाकी भरली आणि येतच राहिलं. टाकीचा ओव्हरफ्लो बाहेरच्या गटाराऐवजी तळघरातल्या चरात सोडलेला होता. हे आम्हाला त्या पहाटेपर्यंत माहीतच नव्हतं. आणि चरातलं पाणी उपसणारे दोन्ही पंप कोजागिरीनंतर बंद करून ठेवलेले. वीज वाचावी म्हणून. तो ठराव मीच मांडला होता, इतिवृत्तात नाव आहे.

मी गोदीत चौतीस वर्षं फिटर होतो. राहायला मुंबईत शिवडीला, आधी चाळीत आणि आता त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. चाळीला तळघर नव्हतं. पाणी आलं तर तळमजल्यावरच्या खोल्यांत यायचं आणि सगळे मिळून बादल्यांनी काढायचो. टॉवरला तळघर आलं आणि सोबत एक सवयही आली, पाणी दिसलं की पंप लावायचा आणि विसरून जायचं. जहाजावर असं चालत नाही. जहाजाच्या तळाशी पाणी दिसलं की पहिला प्रश्न 'किती आहे' हा नसतो, 'कुठून आलं' हा असतो. जुने फिटर बोट बुडवून जिभेला लावायचे. खारं लागलं तर पत्रा गेला, गोडं लागलं तर टाकी किंवा पाइप. तळघरातलं पाणी जिभेला लावू नका, त्यात काय काय मिसळलंय ते सांगता येत नाही. पण प्रश्न तोच ठेवा.

आणि तो प्रश्न विचारायची वेळ म्हणजे थंडी. पावसाळ्यात चारही बाजूंचं पाणी एकाच वेळी येतं. रॅम्पवरून पावसाचं, भिंतीतून जमिनीचं, गटारातून भरतीचं आणि वर्षभर गळणाऱ्या पाइपाचं. सगळे एकदम बोलतात, कुणाचंच ऐकू येत नाही. मुंबईतून मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. त्यानंतर एकेक आवाज गप्प होत जातो. रॅम्पवरचं पाणी लगेच थांबतं. काळ्या पत्थरावरच्या मुरमात साठलेलं पाणी हळूहळू ओसरतं, त्याला दोन-तीन महिने लागतात. जो डाग संक्रांतीलाही ओलाच असतो, तो पावसाचा नव्हे.

आधी वही

दोनशे पानी वही घ्या आणि वॉचमनच्या केबिनमध्ये दोरीने बांधून ठेवा. मोबाइलवर फोटो काढतात सगळे, पण नंतर ते कुणाच्या मोबाइलमध्ये आहेत हे शोधण्यातच मार्च येतो.

पहिल्या दिवशी रिकाम्या तळघरात बॅटरी घेऊन फिरा. गाड्या ऑफिसला गेल्यावर, साधारण अकराला. प्रत्येक ओल्या डागाभोवती खडूने रेघ मारा आणि तारीख लिहा. डागाला नाव द्या. आमच्याकडे 'बी विंगचा कोपरा', 'मीटररूमची भिंत', 'लिफ्टमागचा' आणि 'जोशीवहिनींच्या गाडीखालचा' अशी चार नावं होती. जोशीवहिनी सुरुवातीला रागावल्या, मग त्याच रोज येऊन रेघ तपासायला लागल्या.

वहीत रोज चारच गोष्टी: तारीख, वेळ, डाग रेघेच्या आत आहे की बाहेर, आणि तिथी. हो, तिथी. लोक हसतात, पण शिवडीला खाडी लागून आहे आणि आमचं गटार शेवटी तिथेच जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची, म्हणजे मोठी भरती असते, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती दुपारी बारा-एकच्या आणि रात्री बारा-एकच्या सुमाराला येते. पावसाळ्यात दुपारची मोठी, थंडीत रात्रीची मोठी. म्हणजे डिसेंबरात समुद्र सगळ्यात वर चढतो तेव्हा सोसायटी झोपलेली असते. दिवसा तुम्ही ओहोटीला शिवडीच्या जेट्टीवर रोहित पक्षी बघायला गेलात तर मैलभर चिखल दिसेल आणि वाटेल, समुद्र किती लांब आहे. त्याच रात्री साडेबाराला तळघरात खुर्ची टाकून बसा.

तीन आठवड्यांनी वही बोलायला लागते. डाग दर आठवड्याला थोडा आत सरकतोय, तर जमिनीतलं पाणी आहे. पुढच्या पावसाआधी भिंतीचं काम करायचं. डाग रोज सारखाच, ना वाढ ना घट, तर पाइप किंवा टाकी. फक्त पहाटे मोठा होतो आणि संध्याकाळपर्यंत आकसतो, तर पालिकेच्या पाण्याच्या वेळेशी ताडून बघा. मीटरपासून टाकीपर्यंतच्या लाइनमध्ये तेवढ्याच वेळात दाब असतो. अमावास्या-पौर्णिमेला फुगतो आणि अष्टमीला सुकतो, तर भरती. सकाळी सात ते दहा या वेळात वाढतो, तर वर कुणीतरी आंघोळ करतंय आणि त्यांचा सांडपाण्याचा पाइप कुठेतरी सुटलाय.

जिभेऐवजी मीटर

घरच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रासाठी लोक जे टीडीएस मीटर घेतात, पेनासारखं, ते काही शे रुपयांत मिळतं. तळघरासाठी इतकं उपयोगी दुसरं हत्यार नाही. पाण्यात क्षार किती विरघळलेत ते सांगतं. आपल्याकडे येणारं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं, पावसाचं साठवलेलं, म्हणून हलकं. आमच्या नळाचा आकडा शंभराच्या खाली असतो. शेजारच्या सोसायटीच्या बोअरचा हजाराच्या वर. समुद्राचं पाणी पस्तीस हजाराच्या आसपास, ते या स्वस्त मीटरवर मावतच नाही, नुसती चूक दाखवतं.

इथे एक गोम आहे आणि मी त्यात फसलो. पाणी काँक्रीटमधून पाझरत येताना सिमेंटमधले क्षार सोबत घेतं. भिंतीवर जो पांढरा लोणा दिसतो तो तोच. म्हणून नळाचंच गळलेलं पाणी भिंतीतून बाहेर येईस्तोवर चारशे-पाचशे दाखवू शकतं. फरशीवर साठलेलं मोजाल तर धूळ, तेल, टायरची घाण धरून काहीही आकडा येईल. जिथून थेंब फुटतो तिथे जुनं पुसून टाका, ड्रॉपरने ताजं पाणी गोळा करा, आणि एकदा मोजून निष्कर्ष काढू नका. चार वेळा मोजा. हजारोंमध्ये आकडा आला तर समुद्राचा हात असण्याची शक्यता मोठी. दुर्गंधी असेल तर मीटरची गरज नाही, मलवाहिनी आहे. बाहेरच्या लाइनचा संशय असेल तर १९१६ वर पालिकेत तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहा.

फरशीवरची ओल खालून येतेय की हवेतली आहे, हा वाद प्रत्येक सोसायटीत असतो. जाड प्लॅस्टिकचा फूटभर चौकोन फरशीवर ठेवा, चारही बाजू चिकटपट्टीने पक्क्या बंद करा, दोन दिवसांनी उचला. प्लॅस्टिकच्या खाली थेंब असतील तर जमिनीतून, वर असतील तर हवेतून. वाद संपला.

टाकीची परीक्षा याहून सोपी आहे, फक्त एक रात्र धीर धरायला लागतो. पालिकेचं पाणी थांबलं की आत येणारा व्हॉल्व्ह बंद, वर चढवणारा पंप बंद. पाण्याच्या पातळीला खुंटीवर खूण करा. सहा तासांनी बघा. आमची टाकी चार मीटर बाय तीन मीटर. एक सेंटिमीटर उतरली म्हणजे एकशेवीस लिटर गेले. आमची दोन सेंटिमीटर उतरली. रात्रीच्या सहा तासांत दोनशेचाळीस लिटर, म्हणजे नुसते रात्रीचे सहा तास धरले तरी महिन्याला सात हजारांवर, आणि ते पाणी जात होतं कुठे, तर टाकीला चिकटून असलेल्या मीटररूमच्या भिंतीत. ती भिंत दर वर्षी रंगवून घेत होतो. टाकी दोन कप्प्यांची असेल तर एकेक कप्पा वेगळा तपासा, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी अर्ध्या सोसायटीला तरी पाणी मिळतं.

टाकीत माणूस उतरवायच्या आधी थांबा. बंद टाकीत, मॅनहोलमध्ये, गाळाच्या खड्ड्यात हवा विषारी असू शकते किंवा प्राणवायूच नसतो. या शहरात टाकी साफ करताना माणसं गेली आहेत, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही गेला आहे. झाकणं आदल्या दिवशी उघडी टाका, ब्लोअर लावा, हवा मोजणारं यंत्र आणि कमरेला दोर असलेलेच लोक बोलवा. मलवाहिनीत किंवा सेप्टिक टँकमध्ये हाताने सफाईसाठी माणूस उतरवणं तर कायद्यानेच गुन्हा आहे, २०१३ पासून. 'आमचा पोऱ्या दहा मिनिटांत करेल' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

भिंत

तळघराच्या भिंतीमागे तीन मीटर पाणी उभं असेल तर तळाशी दर चौरस मीटरला तीन टनांचा दाब असतो. आतून लावलेला रंग हा दाब कसा पेलणार? दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने आमच्या भिंतींना आतून पांढरं चकचकीत कोटिंग मारलं आणि दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिली. नारळी पौर्णिमेला भिंतीला उडदाच्या पापडासारखे फुगे आले. टाचणी लावली तर आतून पिचकारी. गॅरंटीचा कागद जपून ठेवलाय, फोन मात्र लागत नाही.

पाणी बाहेरून अडवणं सगळ्यात चांगलं, पण उभ्या टॉवरची भिंत बाहेरून उकरता येत नाही. मग मधला मार्ग म्हणजे ग्राउटिंग. भेगेच्या दोन्ही बाजूंनी तिरकी छिद्रं पाडतात, त्यात नोझल बसवतात आणि पंपाने पीयूचं (पॉलियुरेथेनचं) रसायन आत दाबतात. ते पाण्याला भेटलं की फुगून फेस होतो आणि वाट बंद करतो. याला पाणी लागतं, म्हणून भेग वाहती असताना काम करणं बरं. डिसेंबर-जानेवारीत ती पुरेशी वाहती असते आणि तळघर तुंबलेलंही नसतं. मे महिन्यात भेग कोरडी, ठेकेदाराला भेग सापडतच नाही, आणि तो म्हणतो, 'सगळी भिंत करू या साहेब.' जिथे भेग नाही पण काँक्रीट मधमाशीच्या पोळ्यासारखं पोकळ राहिलंय तिथे सिमेंटचं ग्राउटिंग आधी.

भिंत आणि फरशी जिथे भेटतात तो सांधा शेवटी धरा. तो आधी बंद केला की पाणी दोन फूट वर नवीन जागा शोधतं. वरून खाली या, आणि खालचं पाणी चरातून खड्ड्यापर्यंत जायची वाट मोकळी ठेवा. सगळंच बंद करून टाकायचा हट्ट धरू नका.

नव्या इमारतीत राहत असाल तर पाकीट उघडण्याआधी ताब्याची तारीख बघा. बांधकामातल्या किंवा कारागिरीतल्या दोषांसाठी ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बिल्डर जबाबदार आहे, आणि लेखी कळवल्यावर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं त्याच्यावर रेराने बंधनकारक केलंय. इथे वही सोन्याची ठरते. 'भिंत ओली आहे' असं लिहिलं तर उत्तर येतं, 'पावसाळ्यात होतं थोडं.' 'सव्वीस जानेवारीला, शेवटच्या पावसानंतर साडेतीन महिन्यांनी, खडूच्या रेघेबाहेर चार इंच' असं लिहिलं की इंजिनिअर येतो.

पंपाचा खड्डा

बांधकामवाले याला संप म्हणतात. गिरणगावात संप म्हटलं की १९८२ आठवतं, त्यामुळे आमच्या सभेत 'संप कायम चालू ठेवावा' हा ठराव आला तेव्हा दोन म्हातारे उठून उभे राहिले होते.

तर, पंप कायम चालू ठेवावेत. पंप बंद ठेवला की वीज वाचते आणि मोटर मरते. महिनोन्महिने न फिरलेला शाफ्ट गंजून धरतो, सील चिकटतं, आणि जूनमध्ये पहिल्या पावसाला बटण दाबलं की नुसता गुरगुराट. आम्ही आता प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेला दोन्ही पंप चालवतो. दिवस लक्षात राहतो आणि उधाणाची नोंद करायला कुणीतरी खाली आलेलंच असतं.

बटण दाबून पंप चालतो का एवढंच बघू नका. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारं बटण, हाताने उचलू नका. खड्ड्यात खरं पाणी भरा आणि लांब उभे राहा. फ्लोट स्वतःहून उठला पाहिजे, पंप स्वतःहून सुरू झाला पाहिजे, पाणी उतरल्यावर स्वतःहून बंद झाला पाहिजे. आमच्या एका फ्लोटची वायर पाइपभोवती गुंडाळली गेली होती. हाताने उचलला की छान चालायचा, पाण्यात मात्र उठायचाच नाही. तीन वर्षं 'तपासून' तो पास होत होता.

मग घड्याळ लावा. आमचा खड्डा दीड मीटर बाय दीड मीटर, फ्लोटच्या दोन पातळ्यांत एक मीटर अंतर, म्हणजे सव्वादोन हजार लिटर. एका पंपाने तो नऊ मिनिटांत उपसला. तासाला पंधरा हजार. आता रॅम्पचा हिशेब: उघडा रॅम्प पाच मीटर रुंद, वीस मीटर लांब. तासात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर रॅम्पवरूनच दहा हजार लिटर खाली येणार. एक पंप पुरतो, पण जेमतेम, आणि रस्त्यावरचं पाणी फाटकातून आत आलं तर सगळा हिशेब कोलमडतो. दुसरा पंप म्हणून लागतो, आणि दोन्हींची पाळी अदलाबदल करायची, नाहीतर दुसरा नुसता शोभेचा होतो.

पाणी जातं कुठे हेही बघून या. पंपाचा पाइप रस्त्यालगतच्या चेंबरमध्ये उतरतो. हिंदमाता असो की आमची गल्ली, रस्ताच तुंबला की चेंबर तुंबतो आणि पाणी त्याच पाइपाने परत खाली यायला बघतं. त्याला अडवायला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. आमचा उघडला तर झडपेत दुधाची पिशवी, घडी घातल्यासारखी. महिन्यातून एकदा उघडून साफ करा. आणि व्हॉल्व्हवर सगळा विश्वास टाकू नका: पाइप आधी पुराच्या जुन्या खुणेच्या वर चढवा, मग चेंबरमध्ये उतरवा. झडप अडकली तरी पाणी सहजासहजी चढण चढून येणार नाही. आमच्या गल्लीत जुनी खूण म्हणजे २६ जुलै २००५ ची. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ती रेघ शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर अजून आहे.

तळघरात ड्रायव्हर-वॉचमनसाठी शौचालय असेल तर त्याच्या लाइनलाही अशीच झडप हवी. याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांच्याकडे उलटं आलंय त्यांना कळलं असेल.

बॉलकॉकचं आमचं शिक्षण झालंच होतं. टाकीचा ओव्हरफ्लो बाहेर, डोळ्यांना दिसेल अशा जागी काढला. आता वाहिला तर रस्त्यावरचा चहावाला आधी ओरडतो. शिवाय टाकीत वरच्या पातळीला एक घंटी बसवली. बी विंगचा कोपरा मात्र टाकीचा नव्हता. तिथे संक्रांत उलटली तरी डाग हलेना, आकडा कायम नव्वद. शेवटी गाड्या धुवायच्या नळाची फरशीखालून गेलेली लाइन निघाली. नळ कुणी वापरत नव्हतं, लाइन मात्र चालू होती.

रॅम्पचं दार

सगळ्यात वर, फाटकापाशी, आडवा उंचवटा हवा. आमचा वीतभर आहे. त्याच्या आत पूर्ण रुंदीचा चर, वर लोखंडी जाळी. जाळी उचलता येते का ते थंडीतच बघा. आमची डांबराने रस्त्याला चिकटून गेली होती, सब्बल लागली.

उंचवट्याने न भागणाऱ्या दिवसासाठी फळ्या. इथे मला ड्राय डॉक, म्हणजे जहाज कोरड्यात दुरुस्त करायचा गोदीतला हौद, उपयोगी पडला. ह्यूज ड्राय डॉक, १९१४ सालचा, एवढं जहाज आत घेऊन दार लावतात आणि आतलं पाणी काढतात. बाहेरचा समुद्रच दाराला त्याच्या बैठकीवर दाबून धरतो. जितकं पाणी जास्त तितकं दार घट्ट. सोसायट्यांमध्ये मी बघितलंय, फळ्या चौकटीच्या आतल्या बाजूने लावतात आणि मागून वाळूच्या गोण्या रचतात. उलटं आहे ते. रॅम्पच्या दोन्ही भिंतींना खाचा करा, खाचेच्या आतल्या बाजूला रबराची पट्टी, आणि मरीन प्लायच्या फळ्या अशा बसवा की रस्त्यावरचं पाणी त्यांना रबरावर दाबेल. खाली फरशीला टेकते तिथेही रबर. एक फळी फूटभर उंच ठेवली तर रात्री दोन माणसांना लावता येते. फळ्यांवर नंबर घाला. आणि एकदा रविवारी सकाळी, कोरड्यात, लावून बघा. आम्हाला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, कारण तीन नंबरच्या फळीवर कुणीतरी इस्त्री करत होतं.

फळ्या पावसाळ्यानंतर गच्चीवर टाकू नका. ५ डिसेंबर २०१७ ला ओखी वादळाच्या पावसाने मुंबईतल्या शाळा बंद ठेवायला लागल्या होत्या. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीलाही अवकाळी झोडपून गेला.

वीज, आणि त्या दिवशी

पंपांचं पॅनल तळघरात असेल तर वर आणा. हे एकच काम करायचं असेल तर हेच करा. पाण्याने पॅनल बुडाला की पंप थांबतो आणि पाणी अंगावर वीज घेऊन उभं राहतं. पंपाची लाइन वेगळी, जनरेटरवर चालणारी, आणि तळघरातल्या बाकी सर्किटना तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच. बॅटरीच्या स्कूटरचे चार्जिंग पॉइंट छातीच्या उंचीवर.

त्या पहाटे मी एकच शहाणी गोष्ट केली, पाण्यात पाय घालण्याआधी वरून तळघराचा मेन पाडला. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद केल्या. डिझेलचा पंप आणलात तर तो तळघराच्या बाहेर, मोकळ्यावर ठेवा, नळी आत सोडा. बंद जागेत त्याचा धूर माणूस मारतो. पाण्यात बुडालेली गाडी 'चालू होते का बघू' म्हणून किल्ली फिरवू नका. आमच्या चौदांपैकी तीन त्या एका किल्लीने गेल्या.

पाणी निघाल्यावर थंडीचा फायदा असा की दिवसा हवा कोरडी असते. अकरा ते चार दारं सताड उघडी, पंखे जमिनीच्या दिशेने, एक्झॉस्ट चालू. आठवड्यात फरशी सुकली. पावसाळ्यात हेच महिनाभर लागलं असतं. सामान भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर चढवून ठेवा. मंडळाचं सामान आता लोखंडी रॅकवर आहे.

खर्चाची विशेष सभा जानेवारीत घ्या. पाच दिवसांची नोटीस लागते, तीन कोटेशनं लागतात, आणि कुणीतरी 'आता कुठे पाऊस आहे' असं म्हणणारच. वही फिरवा. मार्चअखेर काम संपायला हवं, कारण मे महिन्यात गवंडी गावाला जातात आणि उरलेल्यांना सगळी मुंबई एकदम फोन करते.

चारपैकी तीन डाग सुटले. लिफ्टमागचा अजून आहे. उधाणाला बोटभर वाढतो, पण मीटर चारशेच्या वर जात नाही. भरतीने जमिनीतलं गोडं पाणी वर ढकललं जातं असं होऊ शकतं, किंवा नळाचं पाणी काँक्रीटचे क्षार घेऊन येत असेल आणि तिथीशी जुळणं योगायोग असेल. पुढच्या अमावास्येला टाकी चोवीस तास रिकामी ठेवायला कमिटीने परवानगी दिली आहे. रात्री साडेबाराला मी तिथे खुर्ची टाकून बसणार आहे. जोशीवहिनी म्हणाल्यात, थर्मास त्या आणतील.